भास्कर मास्तरांची कॉपी

भास्कर मास्तरांना रस्त्यात कुणी राम राम घातला तर ते राम राम घेतात. पण त्यापुढं एक वाक्य बोललं, की डावा हात वर करून समोरच्याला थांबवतात आणि म्हणतात, “बेस पॉइंट सांगा आधी.”

हा बेस पॉइंट काय प्रकार आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरवर काढलेलं घर उचलून दुसरीकडं ठेवायचं झालं, तर ते कुठल्या कोपऱ्याला धरून उचलायचं, हे मशीन आधी विचारतं. तो कोपरा म्हणजे बेस पॉइंट. मास्तर दिवसभर मशीनला उत्तर देतात आणि संध्याकाळी तोच प्रश्न माणसांना घालतात. चहाच्या टपरीवर एक जण सांगत होता, “माझ्या मेव्हण्याची सून रुसून माहेरी गेली.” मास्तरांचा हात वर. “थांबा. मेव्हणा कुठला? विट्याचा का इस्लामपूरचा? सून त्याची का त्याच्या भावाची? कोपरा धरल्याबिगार मला काय उचलत न्हाई.” सांगणारा कंटाळून उठून गेला. सून परत आली का नाही, ते आजपर्यंत कुणाला कळलं नाही.

मलकापुरात हमरस्त्याला लागून शटरची रांग आहे, त्यात शेवटचं शटर मास्तरांचं. पुढं टेबल, कॉम्प्युटर आणि मोठा प्रिंटर. मधे पडदा. पडद्यामागं लोखंडी खाट, स्टोव्ह आणि आटपाडीहून आणलेला माठ. दुष्काळी आटपाडीचा माणूस असल्यामुळं पाणी मागितलं की अर्धा पेला देतात, तो संपवला तर उरलेला अर्धा. बोर्डावर लिहिलंय, ‘घराचे प्लॅन व लेआऊट कॉपी करून मिळतील.’ त्यातला ‘कॉपी’ तेवढा वाचून माणसं आधार कार्ड घेऊन आत शिरतात. मास्तर मान वर न करता सांगतात, “कागदाची शेजारी. हितं घराची.”

मी चौथी शिकलेला माणूस. फौजेत ट्रक चालवला. अनोळखी मुलखात नकाशा न उघडता, तोंडानं विचारत गेलो आणि गाडी जिथं न्यायची तिथं नेली. त्यामुळं कागदावर घर काढणाऱ्या माणसाबद्दल मला काडीचा आदर नव्हता. घर गवंडी बांधतो, कागद बांधत नाही, असं माझं मत होतं. ते मी अजून सोडलेलं नाही. पण भास्कर मास्तरांनी आमच्या घराचं जे केलं, ते कुठल्या गवंड्याच्या हातनं झालं नसतं, हेही मी चारचौघांत सांगतो.

मास्तर मूळचे ट्रेसर. तरुणपणी एका साखर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. साहेबाच्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा, रेघेवर रेघ शाईनं ओढायची, मग अमोनिया लावून त्याच्या प्रिंटा काढायच्या. त्या अमोनियानं नाकाचा वास कायमचा गेला असं ते सांगतात, आणि म्हणूनच मेसचा डबा त्यांना बारा महिने गोड लागतो. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे ट्रेसर घरी बसले. मास्तर कराडला क्लासला गेले, कॉलेजच्या पोरांशेजारी बाकावर बसले आणि शिकले. पोरं गोल खिडक्यांचे, तिरक्या छपरांचे नवेनवे बंगले काढायची. मास्तरांनी पहिल्या दिवसापासून कॉपीच केली.

“नवीन काढायला काय लागतंय, अण्णा?” ते मला म्हणाले होते. “नवीन चुकलं तर कुणाला कळतंय? कॉपी चुकली की शेंबडं पोरगं बोट दावतंय. अवघड काम आमचं हाय.”

ही कॉपी त्यांच्या अंगातच मुरलीय. एक शर्ट पसंत पडला तर तसलेच चार घेतात, त्यामुळं लोकांना वाटतं मास्तर शर्ट बदलतच नाहीत. न्हाव्याकडं खिशातनं स्वतःचा जुना फोटो काढतात आणि आरशाला टेकवून ठेवतात. “ह्याची कॉपी कर.” न्हावी म्हणतो, “मास्तर, ह्यात केस जास्त हायत.” मास्तर म्हणतात, “जेवढं मटेरियल हाय तेवढ्यात बसव.” टपरीवर चहा सांगायचा तर दोनच शब्द, “कालचा कॉपी.” एकदा टपरीवाल्यानं खरंच कालचा गरम करून दिला. मास्तरांनी पिऊन पाहिला आणि म्हणाले, “बरोबर हाय. तंतोतंत.”

त्यांचं वाकडं फक्त एका गोष्टीशी, आणि ती म्हणजे मिरर. घर आरशात बघितल्यासारखं उलटं करून ठेवायची सोय मशीनमध्ये असते म्हणे. बाकीचे लोक शेजारशेजारची घरं तशीच काढतात. मास्तर त्या बटणाला हात लावत नाहीत. “मिरर मारला की घर डावरं हुतंय. देवघर पश्चिमेला, चूल भलतीकडं. त्या घरातली माणसं जन्मभर दाराला धडकत ऱ्हात्यात.”

चुका होत नाहीत असं नाही. एका मंगल कार्यालयाचा प्लॅन त्यांनी गोठ्याच्या लेआऊटवरनं कॉपी केला. लांबी-रुंदी तीच होती, खांब तेच होते. म्हशी तेवढ्या पुसल्या. पण जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीकडेनं वैरणीची गव्हाण राहून गेली. मालक प्लॅन घेऊन भांडायला आला. मास्तरांनी कागद उलटासुलटा बघितला आणि शांतपणे म्हणाले, “लोकं हितं खायालाच येणार न्हवं?” मालक हसावं का मारावं या विचारात असतानाच त्यांनी गव्हाण पुसून दुसरा कागद हातात दिला.

आता आमचं सांगतो.

रस्ता रुंद झाला आणि आमचं जुनं घर त्यात गेलं. वडिलांनी घेऊन ठेवलेला एक प्लॉट मलकापूरच्या अंगाला होता, मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू, दोघांच्या नावावर. तिथं दोन घरं बांधायची किंवा प्लॉट विकून दोन तोंडं दोन दिशांना करायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ते ठरवणार कसं? आम्ही दोघं तीन वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगतो. बाळूच्या पोराच्या लग्नपत्रिकेत माझं नाव नवऱ्या मुलाच्या मामाच्या खाली छापलं होतं. थोरला सख्खा चुलता मी, आणि वर कोण, तर मामा. बाळू म्हणायचा, छापणाऱ्याची चूक. मी म्हणायचो, छापणाऱ्याला कागद कुणी लिहून दिला? चूक बाळूचीच होती. आजही त्याचीच आहे. बायका आमच्या एकमेकींशी रोज बोलायच्या, तिखट-मीठ द्यायच्या-घ्यायच्या. न बोलणारे काय ते आम्ही दोघंच.

माझी मंडळी एक दिवस म्हणाली, “विकू नका. म्हातारपणी अनोळखी शेजार घेऊन काय करायचं?” तिकडं सुमननं, म्हणजे बाळूच्या बायकोनं, त्याला तेच ऐकवलं असणार. कारण मास्तरांच्या दुकानात मी गेलो त्याच सकाळी बाळूही येऊन बसला होता. टेबलाच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला मी, मधे मास्तर.

मी म्हणालो, “मास्तर, त्याला सांगा, घरं बांधायची तर दोन्ही सारखी पाहिजेत. बोटभर इकडं तिकडं चालणार नाही.”

बाळू म्हणाला, “मास्तर, थोरल्यास्नी सांगा, मला मान्य हाय. खरं भिंत मला माझी पाहिजे. सामाईक भिंत नको.”

“त्याला सांगा, मला तरी कुठं पाहिजे? माझी भिंत माझी, त्याची त्याला.”

मास्तर एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते. म्हणाले, “मला काय टेलिफोन समजलाय काय? दोघांचं बी मला ऐकायला येतंय. त्यास्नी बी येत असंल.” मग माऊस हातात घेतला. “एक घर काढतो. दुसरं त्याची कॉपी. झालं?”

झालं नाही. बाळू ताठ बसला. “कॉपी कुणाची?”

“म्हंजे?”

“म्हंजे मूळ घर कुणाचं आणि कॉपी कुणाची?”

मी म्हणालो, “त्यात विचारायचं काय? थोरल्याचं मूळ.”

“मी झेरॉक्स घरात ऱ्हायाचा न्हाई,” बाळू म्हणाला आणि उठला. मीही उठलो. प्लॉट विकायचा तर विकू, पण मी कुणाची कॉपी म्हणून राहणार नव्हतो, तोही नव्हता. दोन म्हातारी माणसं एका दारातनं एकदम बाहेर पडायला निघाली आणि अडकली.

मागनं मास्तर म्हणाले, “बेस पॉइंट ऐकून जावा.”

आम्ही थांबलो. मास्तरांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमच्या प्लॉटची चौकट दाखवली. मग ती चौकट बारीक बारीक होत ठिपक्याएवढी झाली आणि सगळीकडं काळं रान पसरलं. त्या रानात पार एका टोकाला त्यांनी बोट ठेवलं. “मूळ घर मी हितं काढणार. रानात. हे कुणाचंच न्हाई. त्याची एक कॉपी अण्णांच्या बाजूला, एक कॉपी बाळासाहेबांच्या बाजूला. दोघं बी कॉपी. हाय का कुणाची हरकत?”

मी बाळूकडं बघितलं नाही. पण हरकत निघेना. बाळू म्हणाला, “मग चालंल.” मीही म्हणालो, चालेल.

पुढं मी एकटा जाऊन माझा कागद घेतला. माझं घर, चारी बाजूंनी नऊ इंची भिंत. मी बोटानं चारी भिंती मोजल्या. “मधली माझी?” मास्तर म्हणाले, “तुमचीच.” बाळूही एकटा येऊन त्याचा कागद घेऊन गेला. त्यानं विचारलं असेल, “मधली माझी?” मास्तरांनी त्यालाही सांगितलं असेल, तुमचीच. दुसऱ्याचा कागद बघायची गरज दोघांनाही वाटली नाही. दोन्ही घरं एकत्र असलेला तिसरा कागद गवंड्याकडं गेला, तो आम्ही कशाला बघतोय?

काम सुरू झालं. मी सकाळी बघायला जायचो, बाळू संध्याकाळी. समोरासमोर यायला नको म्हणून. भिंती खिडकीच्या वर गेल्या तेव्हा मी गवंड्याला विचारलं, “बाळूची मधली भिंत कवा घेणार?”

गवंडी थापीवरचा माल झटकत म्हणाला, “कुठली? ही काय.”

“ही माझी.”

“काल धाकलं मालक बी हेच म्हणत हुतं. म्या म्हटलं असंल, बोलण्यात काय जातंय.”

मी तिथनं तडक रिक्षा पकडली. दुकानाशी उतरलो तर बाळूची मोटारसायकल माझ्या पुढ्यात येऊन थांबली. त्यालाही गवंड्यानं फोनवर सांगितलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच बाजूनं भांडायला आलो होतो.

“मास्तर,” मी म्हणालो, “दोन भिंती सांगितल्या होत्या. एकच निघाली.”

“फसवलं तुमी,” बाळू म्हणाला.

मास्तरांनी आम्हाला बसवलं, अर्धा-अर्धा पेला पाणी दिलं आणि पडद्यावर दोन्ही घरं आणली. मधल्या भिंतीवर माऊस नेऊन ती पुसून टाकली. भिंत होती तशीच दिसत राहिली.

“एक पुसली. अजून दिसतीया ती दुसरी,” मास्तर म्हणाले. मग बटण दाबून पुसलेली परत आणली. काहीच फरक दिसला नाही. “भिंती दोनच हायत. एकीवर एक बसल्यात. दुसरी कॉपी ठेवताना कोपरा पहिलीच्याच भिंतीवर धरला, तशा चिकटून आल्या. कागदावर दोन रेघा एकावर एक पडल्या की एकच दिसती. गवंड्यानं दिसली तेवढी बांधली.”

“मग चूक तुमची,” मी म्हणालो.

“माझीच. दुरुस्त करून देतो. उभी हाय ती भिंत बरोबर मधी हाय. ती एकाची म्हणू. दुसऱ्यानं आपल्या अंगाला नवी घालायची. ज्याची नवी, त्याची खोली नऊ इंचानं बारीक हुईल. सांगा, कुणाची करू?”

“उभी हाय ती माझी,” बाळू म्हणाला.

“ती माझी आहे,” मी म्हणालो.

“मग दोघांच्या बी अंगाला एक एक नवी घालू. तीन भिंती हुतील. दोघांच्या बी खोल्या बारीक.”

हे दोघांनाही नको होतं. नऊ इंच म्हणजे कपाटाची जागा. मास्तर माऊसवर हात ठेवून आमच्या उत्तराची वाट बघत बसले. बाहेर ट्रक जात होते. मी जागचा हललो नाही, बाळूही नाही. दुपार झाली, मास्तरांचा डबा आला, त्यांनी आमच्यासमोर तो खाल्ला आणि डबा घासून ठेवला. शेवटी बाळू उठला आणि पडद्याकडं बघत म्हणाला, “ऱ्हाऊ द्या तशीच.” मी काही बोललो नाही, आणि मी काही बोललो नाही म्हणजे काय, ते बाळूला लहानपणापासून ठाऊक आहे.

घरं पुरी झाली. वास्तुशांत एकाच दिवशी ठेवली, कारण भटजी दोनदा यायला तयार नव्हते. गवंडी, सुतार, फरशीवाला, सगळ्यांना टॉवेल-टोपी दिली. पंगत बसायची वेळ झाली तरी मास्तरांचा पत्ता नाही. दोन्ही घरनं आमंत्रण गेलेलं. मंडळी म्हणाली, “ते आल्याबिगार मी पान वाढणार न्हाई.” मधल्या भिंतीपलीकडनं सुमनचा आवाज आला, “आमी बी थांबलोय, आक्का.”

मी रिक्षा करून दुकानावर गेलो. शटर अर्धं ओढलेलं. वाकून आत बघितलं तर मास्तर पडद्यामागं खाटेवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पायांत चपला. सकाळपासनं तयार होऊन बसलेला माणूस दिसतो तसे.

“मास्तर, लोक खोळंबलेत.”

“खरंच बोलावलं हुतं व्हय?” ते म्हणाले. “मला वाटलं, कागद घेतला की माणसं म्हणत्यातच, घरी या म्हणून. गेल्यावर अवघडत्यात.”

रिक्षात ते बाहेर बघत बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “इतकी घरं काढली, अण्णा. आत कुणाच्याच गेलो न्हाई. कवा कामच पडलं न्हाई.”

त्यांचं आटपाडीचं घर भावकीत गेलं, एवढं मी कुणाकडनं तरी ऐकलं होतं. कसं गेलं ते विचारलं नाही. मी दुसरंच विचारलं. “ती भिंत खरंच चुकून चिकटली, का तुम्ही चिकटवली?”

मास्तरांनी शर्टाची घडी नीट केली. मग म्हणाले, “नऊ इंच लय असत्यात, अण्णा.”

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर थांबले. मी म्हणालो, या. तरी थांबले. मग आत आले आणि कुणी न सांगता स्वयंपाकघरात गेले, तिथनं जिन्याखाली, तिथनं मागच्या दारात. प्रत्येक ठिकाणी जरा उभे राहायचे. जिन्याखाली वाकून म्हणाले, “हितं अंधार पडंल असं वाटलं हुतं. न्हाई पडला.” माझ्या मंडळीनं विचारलं, “मास्तर, काय कमी-जास्त हाय का?” ते म्हणाले, “न्हाई वहिनी. हितं भांड्यांचा आवाज येतो, तेवढं कागदावर नसतं.”

पान माझ्या पुढच्या खोलीत मांडलं. पोळी आमच्या घरची, आणि आमटी घेऊन पलीकडनं बाळू स्वतः आला. मास्तरांना वाढायचा हट्ट त्याचाही होता. मास्तर जेवले. आमटीचा पहिला घास घेतल्यावर नाकाशी हात नेऊन म्हणाले, “वास येतोय वाटतं.” खरं खोटं त्यांनाच माहीत. जेवण झाल्यावर मधल्या भिंतीला पाठ टेकून बसले. सुपारी हातात दिली तोवर मान कलली होती. बसल्याजागी झोप लागली.

पोरं जिन्यावर धावत होती, त्यांना मी हातानं खुणावून गप्प केलं. बायकांनी भांडी उचलायची थांबवली. त्या रस्त्याकडेच्या शटरमध्ये रात्रंदिवस ट्रकचा आवाज. या माणसाला शेवटची शांत झोप कधी लागली असेल, देव जाणे. मी एका अंगाला बसलो. बाळू आमटीचं पातेलं घेऊन दारात उभा होता, तो पाय न वाजवता आला आणि दुसऱ्या अंगाला बसला. मास्तर घोरायला लागले होते. वर फॅन जोरात फिरत होता आणि त्यांचा शर्ट फडफडत होता.

“बाळू,” मी म्हणालो, “फॅन जरा कमी कर. गार लागंल त्यांना.”

बाळू उठला, बटण फिरवलं आणि परत येऊन बसला. “केला, अण्णा,” म्हणाला, “हळू बोला.”